दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक

गेमच्या दुकानात मी आधी शिकले ते माल घ्यायला, विकायला नंतर. ठाण्यातल्या एका मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर, एस्केलेटरच्या मागच्या कोपऱ्यात आमचं दुकान होतं. दर्शनी भागात नव्या गेमची पोस्टरं, प्लेस्टेशनच्या निळ्या आणि एक्सबॉक्सच्या हिरव्या डब्यांच्या रांगा. पण धंद्याचा जीव होता काउंटरच्या डाव्या टोकाला. कॉलेजची पोरं दप्तरातून वापरलेल्या डिस्क काढून तिथे ठेवायची आणि आमच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. शेठनी मला एक छोटा टॉर्च दिला होता. डिस्क तिरकी धरायची, उजेड फिरवायचा, ओरखडा दिसला तर नखाने चाचपायचा. नख अडकलं तर डिस्क परत.

हे वर्ष २०१३. प्लेस्टेशन २ चं उत्पादन त्याच वर्षाच्या सुरुवातीला जगभर बंद झालं होतं, पण त्याच्या डिस्क आमच्याकडे अजून येत होत्या. त्या डीव्हीडी. प्लेस्टेशन ३ च्या ब्लू-रे. दोन्हींची तपासणी वेगळी. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे वरवरचा ओरखडा घासून, पॉलिश करून निघायचा. ब्लू-रेत तोच थर जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. तिच्यावर कडक लेप असतो, सहसा ओरखडा उमटत नाही. पण खोल उमटलाच तर पॉलिशचा उपयोग नाही, डिस्क गेली. एक्सबॉक्स ३६० चालू असताना कुणी हलवला असेल तर त्याच्या डिस्कवर कंपासने काढल्यासारखा गोल चर पडायचा. तो दिसला की पोराने कितीही शपथा घेतल्या तरी आम्ही डिस्क घेत नसू.

ओरखड्यापेक्षा अवघड होतं ते कशाला किती द्यायचे हे ठरवणं. फिफाचा नवा गेम दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी-शेवटी यायचा आणि त्या आठवड्यात आदल्या वर्षीच्या फिफाचा भाव कोसळायचा. ऑगस्टमध्ये फिफा विकायला येणारा मुलगा हुशार, ऑक्टोबरमध्ये येणारा भोळा. डब्ल्यूडब्ल्यूईचंही तसंच. उलट जीटीए फाइव्ह सप्टेंबर २०१३ मध्ये आला तो आला. मी दुकानात असेपर्यंत त्याच्या जुन्या डिस्कची मागणी कधी आटली नाही. कथेच्या गेमची तऱ्हा आणखी निराळी. अनचार्टेड ४ मे २०१६ मध्ये आला. शुक्रवारी घेऊन गेलेली पोरं सोमवारी गेम संपवून हजर. पहिल्या आठवड्यात परत आलेल्या डिस्कला चांगला भाव, कारण रांगेत पुढचा उभाच असायचा. महिन्याने तीच डिस्क आणली तर आम्हीच तोंड वाकडं करायचो.

नवा गेम तेव्हा चार हजारांच्या आसपास. ठाणे-डोंबिवलीच्या कोणत्या घरात दर महिन्याला चार हजारांचा गेम घेतला जातो? घेतला जात नाही. घरून एकदा, वाढदिवसाला किंवा दहावीच्या निकालाला, एक गेम मिळतो. मग तो द्यायचा, वर हजार-बाराशे घालायचे, दुसरा न्यायचा. तो संपला की परत वर थोडे घालायचे. या ‘वर किती?’ वर आमचं अख्खं दुकान उभं होतं. काही डिस्क तर मी डब्यावरच्या स्टिकरच्या फाटलेल्या कोपऱ्यावरून ओळखायचे, इतक्यांदा त्या आमच्या हातून गेल्या होत्या. मुलुंडच्या मुलाने विकलेली कळव्याच्या मुलाने नेली, त्याच्याकडून परत आली, मग कल्याणला गेली. गेम बनवणाऱ्या कंपनीला त्यातून पहिल्या विक्रीनंतर छदाम मिळत नव्हता आणि त्यांना ते खुपत होतं. आमचं भाडं त्यातूनच निघायचं.

कारण नव्या कन्सोलवर दुकानदाराला सुटतं ते फार थोडं. चाळीस हजारांची पेटी विकून हातात काय राहतं ते ऐकलं तर भाजीवालाही हसेल. नव्या गेमवर बरं सुटतं, केबल, चार्जिंग स्टँड, कंट्रोलरच्या रबरी कव्हरवर आणखी बरं, आणि जुन्या डिस्कवर सगळ्यांत जास्त. जीएसटी आल्यावरही वापरलेल्या मालाला एक सोय राहिली. कर पूर्ण किमतीवर लागत नाही, घेतल्या-विकल्याच्या फरकावर लागतो. नव्या कन्सोलवर आधी २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के झाला.

हा हिशेब सांगितला, कारण फक्त गेमच्या दुकानातल्या माणसाला जास्त कळतं ते का, याचं उत्तर त्यात आहे. लोक म्हणतात, त्या पोरांना गेमचं वेड असतं. वेड होतंच, पण वेडाने पगार होत नाही. आमचं गिऱ्हाईक दोन आठवड्यांनी परत येणार होतं. त्याला चुकीची गोष्ट दिली तर ते आमच्याच तोंडावर डिस्क फेकणार होतं. म्हणून आम्हाला माहीत असणं भाग होतं की अमेरिकेतल्या मावसभावाने आणलेली डिस्क इथे चालेल, पण भारतीय खात्यावरून तिच्यासाठी वेगळे भाग विकत घेतले तर ते तिला जुळणार नाहीत, कारण आपल्याकडे अधिकृतपणे येणाऱ्या डिस्क युरोपच्या गटातल्या. पुढे, आमचं दुकान मिटल्यावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये होरायझन फॉरबिडन वेस्ट हा गेम आला. त्याची प्लेस्टेशन ४ ची डिस्क प्लेस्टेशन ५ च्या डिस्कपेक्षा हजार रुपयांनी स्वस्त होती आणि प्लेस्टेशन ५ मध्ये घातली की नवी आवृत्ती फुकट मिळत होती. माझ्या ओळखीच्या एका लहान दुकानदाराने त्या महिन्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वस्तातली डिस्क दिली. कमी पैशांचं बिल करून त्याने मिळवलं काय? पुढचं वर्षभर ती पोरं त्याच्याकडेच येत राहिली.

मी मुलगी असल्याने काउंटरवर माझी परीक्षा व्हायची. नवखा मुलगा आला की माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, ‘भैया नाही का?’ मग नाइलाजाने मला विचारायचा आणि उत्तर आल्यावर दुसरा प्रश्न टाकायचा, हा अमुक बॉस कसा मारायचा, त्या गेमचा शेवट किती प्रकारचा आहे. आधी राग यायचा. नंतर मी ते धंद्याचा भाग म्हणून घेतलं, कारण एकदा परीक्षा पास झाले की तोच मुलगा पुढच्या वेळी ‘ताई, काय घेऊ?’ म्हणत सरळ माझ्याकडे यायचा. शनिवारी संध्याकाळी पाच-सहा जण काहीही न घेता तासन्‌तास उभे असायचे. शेठ कुरकुरायचे, एसी त्यांच्यासाठी लावलाय का म्हणून. पण त्या उभं राहणाऱ्यांनीच किती माल विकला! कुणी बिचकत आत आलं की त्यांच्यातला एक जण न विचारता सल्ला द्यायला पुढे, आणि तो सल्ला बहुतेकदा माझ्यापेक्षा चांगला असायचा.

आईबाबांची गोष्ट वेगळी. त्यांच्या लेखी डिस्क म्हणजे ‘सीडी’ आणि कंट्रोलर म्हणजे ‘रिमोट’. चौथी-पाचवीतला मुलगा आईचा हात ओढत आणायचा आणि बोट दाखवायचा थेट जीटीएकडे. डब्यावर युरोपीय पद्धतीचा १८ चा आकडा असतो, तो कुणी बघत नाही. मी आईला बाजूला घेऊन सांगायचे की यात काय काय आहे. काही जणी चपापून डबा खाली ठेवायच्या, मुलगा माझ्याकडे खुनशी नजरेने बघायचा. काही म्हणायच्या, ‘अहो, त्याच्या सगळ्या मित्रांकडे आहे, द्या.’ मग द्यायचे. आमच्या दुकानात त्यावर बंदी नव्हती, सांगायची मुभा मात्र होती.

पण लहान दुकानांची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या काळातल्या गोष्टी आमच्या शेठनीच मला सांगितल्या होत्या. प्लेस्टेशन २ मध्ये चिप बसवून द्यायची आणि शंभर-दीडशेला नकली डिस्क विकायची, ही शहरातल्या अनेक दुकानांची सुरुवात. आमच्या वेळी चिपा गेल्या, पण कच्चं बिल राहिलं. परदेशातून बॅगेत आलेले कन्सोल, ज्यांची वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. निन्टेन्डो स्विचचं घ्या. मार्च २०१७ मध्ये तो जगात आला, भारतात निन्टेन्डोने अधिकृतपणे आणला नाही. मोठ्या साखळीच्या रॅकवर तो मला कधी दिसला नाही. ज्याला झेल्डा किंवा मारिओ खेळायचा त्याला आमच्यासारख्या दुकानाशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि बिघडला तर? शेजारच्या गल्लीतला एक कारागीर होता. हात चांगला होता त्याचा, पण कारागीर म्हणजे कंपनी नव्हे. गिऱ्हाईक चांगल्या मनाचं असेल तर निभायचं, नाहीतर काउंटरवर आवाज चढायचे.

आमच्या दुकानाचा शेवट कसा होणार हे खरं तर एका कपाटाने आधीच सांगून ठेवलं होतं. पीसी गेमचं कपाट. २०१५ मध्ये जीटीए फाइव्ह पीसीवर आला तेव्हा डब्यात सात डीव्हीडी होत्या आणि पोरं त्या सातही क्रमाने घालत रात्र काढायची. पण त्यांच्यासोबतचा कोड एकदा एका खात्याला लागला की झालं, त्या सात डीव्हीडींना पुढे किंमत शून्य. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये स्टीमने रुपयांत दर लावले. पुढे डब्यात डिस्कऐवजी नुसता कोडाचा कागद येऊ लागला. जे परत घेता येत नाही ते विकून आमचं भागत नव्हतं, म्हणून शेठनी त्या कपाटात हेडफोन लावले. कन्सोलचं असं होणार नाही, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. मग २०१९ मध्ये घरोघरी फायबरचं इंटरनेट स्वस्त झालं आणि शंभर जीबीचा गेम एका रात्रीत उतरू लागला. नेहमी येणाऱ्यांतले काही जण दिसेनासे झाले. ते नाराज नव्हते, त्यांना यायचं कारण उरलं नव्हतं.

डिसेंबर २०२० ची एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. सायबरपंक २०७७ आला, प्लेस्टेशन ४ वर तो धड चालेना, आणि आठवडाभरातच सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढून घेतला, तिथून घेणाऱ्यांना पैसे परत देऊ केले. आमच्याकडून डिस्क घेणाऱ्यांचं काय? ते दोन डिस्कांचे पिवळे डबे घेऊन आमच्याकडे आले. शेठनी नेहमीच्या गिऱ्हाइकांचे डबे थोडे पैसे कापून परत घेतले. तोटाच होता. तरी घेतले.

लॉकडाऊनने आधीच कंबर मोडली होती. त्यात प्लेस्टेशन ५. आगाऊ नोंदणी १२ जानेवारी २०२१ ला दुपारी उघडली आणि काही मिनिटांत संपली; २ फेब्रुवारीला ४९,९९० रुपयांचे कन्सोल घरोघर पोचू लागले. वाटणीत ऑनलाइन कंपन्यांना आणि मोठ्या साखळ्यांना माल गेला, आमच्यासारख्यांच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतका. बाजारात तो चढ्या भावाने मिळत होता आणि काही दुकानदार सोबत दोन गेम, एक हेडसेट गळ्यात मारल्याशिवाय देत नव्हते. शेठना ते जमलं नाही, किंवा जमवायचा कंटाळा आला असेल. मॉलशी करार संपला तेव्हा त्यांनी तो पुढे वाढवला नाही. आता त्या जागेत मोबाइलची कव्हरं आणि स्क्रीनगार्ड मिळतात.

मला दोन महिन्यांत एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नोकरी लागली. गेमिंगचा अनुभव आहे म्हणून घेतलं. गेमिंग म्हणजे लॅपटॉप आणि ब्लूटूथ स्पीकर यांच्या मधला एक रॅक आणि काचेचं एक कुलूपबंद कपाट. किल्ली फ्लोअर मॅनेजरकडे. गिऱ्हाइकाला डबा हातात घेऊन मागचं वाचायचं असेल तर मी मॅनेजरला शोधायचं, मॅनेजर वॉशिंग मशीनच्या भांडणात अडकलेला असायचा, तोवर गिऱ्हाईक निघून जायचं. आमच्या जुन्या दुकानातही डिस्क काउंटरमागेच असायच्या, पण रिकामे डबे मांडणीवर मोकळे होते. पोरं ते उलटेपालटे करून बघायची.

इथे कुणी माझी परीक्षा घेतली नाही. अंगावर कंपनीचा टी-शर्ट आणि गळ्यात आयकार्ड असलं की तुम्हाला सगळं कळतं असं लोक धरून चालतात. पहिल्या दोन आठवड्यांत मला एअर फ्रायर, प्रिंटरची शाई आणि गीझर याबद्दल गेमपेक्षा जास्त विचारणा झाली. टार्गेट होतं विक्रीचं आणि त्याहून मोठं एक्स्टेंडेड वॉरंटीचं. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मीटिंगमध्ये विचारलं जायचं ते, आज किती पेट्या गेल्या आणि त्यातल्या किती पेट्यांना वॉरंटी चिकटली. कोणता गेम चांगला, याला तिथे काही अर्थ नव्हता. तिथला अर्धाअधिक स्टाफ तर दुकानाचा नव्हताच. टीव्हीच्या, मोबाइलच्या कंपन्यांनी आपापले प्रमोटर उभे केलेले, पगार कंपनीचा, निष्ठा कंपनीशी.

डेमोसाठी एक प्लेस्टेशन जोडलेला होता, तोही अशा टीव्हीला, जो दुकानाच्या झगझगीत मोडवर ठेवलेला. रंग भडक, आणि चित्र गुळगुळीत दाखवायची सोय चालू. ती चालू असली की बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल उशिरा होते. पोरं खेळून म्हणायची, ‘लॅग मारतोय.’ मी टीव्ही गेम मोडवर टाकायचे, दुसऱ्या सकाळी तो परत झगझगीत झालेला असायचा, कारण तसं ठेवायचा वरून आदेश होता.

माझा खरा खटका उडाला तो डिजिटल आवृत्तीवरून. प्लेस्टेशन ५ दोन प्रकारचा. एकात डिस्क घालायची फट आहे, दुसऱ्यात नाही. एप्रिल २०२४ मध्ये भारतात बारीक अंगाचा नवा प्लेस्टेशन ५ आला तेव्हा फटवाला ५४,९९० ला, बिनफटीचा ४४,९९० ला. दहा हजारांचा फरक. घरातला माणूस किंमत बघतो, स्वस्तातला उचलतो. त्याला कुणी सांगायला हवं की यापुढे तुमच्या मुलाला प्रत्येक गेम ऑनलाइन दुकानातूनच घ्यावा लागेल, त्यांच्या भावाने. मित्राकडून मागून आणता येणार नाही, जुना घेता येणार नाही, झाला की विकता येणार नाही. नवा गेम तेव्हा ४,९९९ चा. असे चार-पाच गेम झाले की वाचवलेले दहा हजार गेले. बारीक अंगाच्याला ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो. त्याच्या आधीच्या बिनफटीच्या कन्सोलला ती सोयही नव्हती. मी हे सांगायचे. एकदा एका काकांनी ऐकून घेतलं, विचार करतो म्हणाले आणि गेले. संध्याकाळी मला समज मिळाली की गिऱ्हाईक पेटी उचलत असताना मध्ये बोलायचं नाही. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्या दिवसाच्या बिलात पुढच्या वर्षीच्या गेमचा रकाना नव्हता, एवढंच.

आणि तरी त्या दुकानात मी अशी माणसं पाहिली, जी आमच्या जुन्या दुकानात कधी आत आली नसती. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलाला बारावीला चांगले गुण होते. रोख पन्नास हजार त्यांच्याकडे नव्हते आणि असते तरी एका कोपऱ्यातल्या, टॉर्च लावून डिस्क बघणाऱ्या दुकानात त्यांनी ते दिले नसते. इथे पक्कं बिल मिळालं, बारा हप्ते बिनव्याजी पडले, बिघडलं तर कुठे यायचं ते छापील कागदावर मिळालं. मुंबईत विजय सेल्स १९६७ पासून आहे, क्रोमा २००६ पासून. या धंद्याला घरातल्या माणसाशी बोलायची सवय आहे. विकत घेणारा आणि वापरणारा वेगळा असतो, हे त्याला पक्कं ठाऊक. आम्ही लहान दुकानवाले फक्त खेळणाऱ्याशी बोलायचो. पैसे देणारी आई आमच्या लेखी अडथळा होती, हे मला तिथे गेल्यावर जाणवलं.

टीव्ही सेक्शनमधला एक दादा होता. त्याने मला जे शिकवलं ते मला सात वर्षांत गेमच्या दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच टीव्हींच्या पाठीमागे तीन-चार एचडीएमआय असतात, पण १२० हर्ट्झ त्यातल्या एक-दोनांतूनच मिळतो, तो कसा ओळखायचा; साठ हर्ट्झचा पॅनल असलेल्या टीव्हीच्या डब्यावर मोठा आकडा छापलेला असतो तो का धरायचा नाही; जुन्या बिल्डिंगमधल्या अर्थिंग नसलेल्या सॉकेटचा काय त्रास. आमची पोरं कन्सोलवर तासभर भांडायची आणि घरी जाऊन तो दहा वर्षांच्या टीव्हीला, चुकीच्या भोकात जोडायची. या बाबतीत मोठं दुकान वरचढ, निर्विवाद.

कमी पडलं ते एकाच ठिकाणी, आणि ते मला रोज दिसायचं. या मोठ्या दुकानातून कन्सोल नेलेला मुलगा तीन आठवड्यांनी हातात डिस्क घेऊन यायचा. ‘ताई, ही झाली. बदलून काय मिळेल?’ मी नाही म्हणायचे. आम्ही जुनं घेत नाही. जुना फ्रिज घेतो, जुना मोबाइल घेतो, त्यावर एक्सचेंज बोनस देतो. गेमची डिस्क घेत नाही. घेतली तर तपासणार कोण आणि भाव ठरवणार कोण? संगणकात तिच्यासाठी कोडच नाही. तो मुलगा पुन्हा येत नसे. त्याचं येणं कुणाच्या टार्गेटमध्ये नव्हतं, म्हणून त्याचं न येणंही कुणाला दिसलं नाही.

हे आपल्याकडेच चाललंय असं नाही. ब्रिटनमधली गेम नावाचीच जुनी साखळी घ्या. २०१२ मध्ये ती दिवाळखोरीत जाऊन सावरली, पुढे खेळाचं साहित्य विकणाऱ्या कंपनीने घेतली, आणि २०२४ मध्ये तिने वापरलेले गेम बदलून द्यायचं बंद केलं. बातमी वाचली तेव्हा मला आमच्या पीसीच्या कपाटात लावलेले हेडफोन आठवले. डिस्क बदलून न देणारं गेमचं दुकान म्हणजे लहान आकाराचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, आणि त्या खेळात लहानाने मोठ्याशी जिंकणं शक्य नाही.

मी आता दोन्हीकडे नाही. शाळांना संगणक पुरवणाऱ्या एका कंपनीत काम करते. पण ओळखीपाळखीचे लोक दिवाळीच्या आधी अजून फोन करतात, कुठून घेऊ म्हणून. त्यांना सांगते तेच इथे सांगते. कन्सोल मोठ्या दुकानातून घ्या, हप्त्यांवर घ्या, पक्क्या बिलावर घ्या, आणि ज्याच्यावर तो लावणार त्या टीव्हीचा मॉडेल नंबर सोबत न्या. एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. दहा हजार जास्त गेले तरी डिस्कची फट असलेलाच कन्सोल घ्या. गेम मात्र तिथून घेऊ नका. तुमच्या भागात जुन्या डिस्क घेणारं दुकान अजून चालू असेल तर मुलाला तिकडे पाठवा, तुम्हीही एकदा सोबत जा, आणि डब्यावरचा वयाचा आकडा बघून घ्या. नव्या गेमचे महिन्याने तिथे दीड-दोन हजार परत मिळतात. मोठ्या दुकानात काही मिळत नाही.